तिसऱ्या इंजिनातली चादर

“ही चादर आहे? ही? अरे, हा पुठ्ठा आहे पुठ्ठा! खोक्याचं झाकण! आणि हे तू तिला दाखवलंस, मला न विचारता?”

“आई, तुला विचारत बसलो असतो तर अजून दोन वर्षं गेली असती.”

“जाऊ देत! मी सकाळीच एक नवीन इंजिन बघून ठेवलंय. त्यात कापड असं पडतं, असं पडतं की...”

“चौथं? आई, आता चौथं इंजिन?”

ज्या पुठ्ठ्यावरून हे चाललंय तो पुठ्ठा म्हणजे मी. मी एक चादर आहे. एकेरी, पांढरी, चार टोकांची. अंगावर घ्यायची म्हणाल तर माझा उपयोग शून्य. मला ऊब नाही, वजन नाही, धुतलेल्या कपड्याचा वासही नाही. मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळातली चादर आहे आणि तो खेळ अजून पुरा झालेला नाही. तरी मी बोलणार. माझ्यावरून या घरात एवढी खडाजंगी झाली, पण माझं मत कोणी एकदाही विचारलं नाही. न विचारता सांगायची मला लाज नाही.

ओरडते आहे ती धाकटी. साठी कधीच उलटली, पण आवाज अजून यंत्राच्या खडखडाटावर चढेल असा. समोर उभा आहे तो तिचा मुलगा. चाळिशीचा, टक्कल पडायला लागलेला, एका ऑफिसात दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहितो. आणि जिला मला दाखवलं म्हणून हा आकांत, ती थोरली. धाकटीची सख्खी बहीण. ती इथे नसते, दूर आपल्या मुलाच्या घरी असते. सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

या दोघी बहिणींची लाँड्री होती. दवाखान्याच्या, लॉजच्या, वसतिगृहाच्या चादरी तिथे यायच्या. धुणं यंत्राचं, इस्त्री कारागिराची, पण घडी मात्र या दोघींची, तीही थोरलीने धाकटीला शिकवलेली. मोठ्या चादरीची नीट घडी एकट्याने होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरून ताण द्यायचा, एक झटका मारायचा, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. खाली लोंबणारी घडी पकडून पुन्हा मागे जायचं. पुन्हा पुढे यायचं. दिवसभर हेच.

आणि दिवसभर बोलायचं. कोणाची सून रुसली, कोणता डॉक्टर चिडका आहे, लॉजच्या मॅनेजरने नवीन विग घेतला तो कसा दिसतो. नवरे गेले तेव्हाचं दुःखसुद्धा दोघींनी चादरींच्या वरूनच एकमेकींना सांगितलं. तोंडाकडे बघायचं नाही, टोकांकडे बघायचं, आणि बोलत राहायचं.

हे मी पाहिलेलं नाही. ऐकलेलं आहे. धाकटीला काम करता करता स्क्रीनशी बोलायची खोड आहे आणि स्क्रीनवर मी असते. माणसाला वाटतं, वस्तूला काय कळतंय. मग माणूस वस्तूसमोर सगळं ओकून मोकळा होतो.

पुढे थोरलीचे गुडघे गेले. तिचा मुलगा आला, बॅग भरली आणि तिला घेऊन गेला. एकटीने लाँड्री रेटण्यात अर्थ नव्हता म्हणून धाकटीने कुलूप लावलं. मग फोन सुरू झाले.

“जेवलीस?”

“जेवले. तू?”

“जेवले. गुडघे?”

“आहेत.”

“बरं.”

एवढं झालं की पुढे नुसते श्वास. मग कुणीतरी म्हणायचं, “ठेवू?” आणि दुसरी सुटल्यासारखी म्हणायची, “ठेव.” जन्मभर तोंडाला खीळ नव्हती त्या बायका! धाकटी एकदा माझ्यासमोर म्हणाली, “हात रिकामे असले की आम्हा दोघींना बोलताच येत नाही.” माझ्या जन्माचं कारण विचाराल तर हे एवढंच. दूर बसलेल्या दोन बायकांच्या हातांना एक काम हवं होतं.

म्हणून धाकटीने ठरवलं की खेळ करायचा. दोन घरांत दोन कॉम्प्युटर, मध्ये एक चादर. इकडची दोन टोकं हिने धरायची, तिकडची तिने. आणि तो आपणच करायचा. प्रोग्रामचं ओ की ठो माहीत नव्हतं. मुलाला शिकवायला वेळ नव्हता आणि वेळ होता तेव्हा धीर नव्हता. मग ती इंटरनेटवरचे धडे बघून शिकली. शिकवणाऱ्याला थांबवायची, मागे न्यायची, “सावकाश बोल की मेल्या” म्हणायची आणि पुन्हा ऐकायची. शिकली. त्यात नवल करायचं कारण नाही. वॉशिंग मशिनचा पट्टा बदलायला तरी तिला कुठे कोणी शिकवलं होतं.

पहिला प्रश्न आला इंजिनाचा. इंजिन म्हणजे काय ते मी सांगते, कारण राहायचं मला असतं त्यात. खेळ करणाऱ्याला सगळं शून्यातून उभं करावं लागू नये म्हणून कोणीतरी आधीच करून ठेवलेला तो सरंजाम असतो. वस्तू खाली कशी पडते, उजेड कुठून येतो, बटण दाबलं की हात कसा हलतो, हे सगळं त्यात तयार. त्यावर आपण आपला खेळ रचायचा. पण एका इंजिनात रचलेला खेळ उचलून दुसऱ्यात ठेवता येत नाही. इंजिन बदललं की पुन्हा श्रीगणेशा. म्हणून निवड जपून करायची असते, आणि जपून करायची म्हणून माणसं निवडतच बसतात.

धाकटीने इंटरनेटवर जाणकारांना विचारलं, “एकटीने दोघींसाठी ऑनलाइन खेळ करायचा आहे, कोणतं इंजिन घेऊ?” उत्तरांचा पाऊस पडला. एक म्हणाला हे घे, बाकीची पोरांची खेळणी आहेत. दुसरा म्हणाला ते घेऊ नकोस, ती कंपनी कधी नियम बदलेल सांगता येत नाही. तिसरा त्या दोघांशी भांडला. मी नीट पाहिलंय, ज्यांनी आयुष्यात एकही खेळ पुरा केला नव्हता त्यांची मतं सगळ्यांत ठाम होती. एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: एकट्या माणसाने पहिल्याच फटक्यात ऑनलाइन खेळाच्या वाटेला जाऊ नये.

धाकटीने खाली लिहिलं, “कोणतं ते विचारलंय. करू का, असं विचारलेलं नाही.”

मुलाचं मत आणखी वेगळं. तो ऑफिसात मोठमोठी कामं करणारा. त्याला आधी पक्का पाया हवा. वेगळा सर्व्हर, प्रत्येकाचं खातं, पासवर्ड, विसरला तर परत मिळवायची सोय.

“उद्या हजार लोक खेळायला आले तर, आई?”

“एवढ्या चादरी धुणार कोण?”

“अगं, मी गंभीरपणे बोलतोय.”

“मीही. मला एकच माणूस हवंय, आणि तिला पासवर्ड लक्षात राहणार नाही.”

अशा रीतीने कोणाचंच न ऐकता तिने पहिलं इंजिन घेतलं. ते हलकं होतं, फुकट होतं आणि तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर चटकन उघडत होतं. त्यात माझा पहिला जन्म झाला. राखाडी चौकोन, दोन टोकांनी लटकलेला. धाकटीने मला पाहिलं, चष्मा पुसला आणि स्क्रीनवर अंगठा नि बोट ठेवून माझा पोत चोळून बघितला. कापड तपासायची जन्माची सवय. काचेवर तेलकट ठसा उमटला. “हं,” म्हणाली. त्या ‘हं’मध्ये कौतुक नव्हतं.

तरी त्या इंजिनात आमचं बरं चाललं होतं. मला झटका देता येत होता, घडी घालता येत होती. दोन कॉम्प्युटर जोडायचा धडा ती उद्या-परवा सुरू करणार होती. तेवढ्यात कोणीतरी एक व्हिडिओ टाकला. दुसऱ्या एका इंजिनातला, खिडकीचा पडदा वाऱ्यावर हलतानाचा. धाकटीने तो पाहिला. पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की माझे दिवस भरले. माणसं इंजिन निवडतात ती अशी, दुसऱ्याच्या घरचा पडदा बघून.

मला राग आला नाही. कापडाला राग येत नसतो. मी आपलं झालं ते सांगते.

दुसरं इंजिन म्हणजे राजवाडा. आत यायलाच अर्धा दिवस लागला. कॉम्प्युटरचा पंखा असा घोंगावायचा की शेजारीण विचारायला आली, नवीन यंत्र घेतलं का म्हणून. पण खोटं कशाला बोलू, तिथे मी देखणी होते. मला आडवे-उभे धागे मिळाले. निळीची झाक मिळाली. खळ दिल्यावर येतो तो ताठपणा मिळाला. सूर्य पाठीमागे आला की माझ्यातून उजेड झिरपायचा आणि काठाची दुहेरी शिवण गडद दिसायची. धाकटीने त्यात सगळा हिवाळा घातला. एका सुरकुतीवर आठवडा. लॉजची चादर आणि दवाखान्याची चादर यांच्या पडण्यातला फरक इथे दाखवता येतो म्हणून ती हरखली होती. जाणकारांनी तिला धडधडीत विचारलंही, “जोडणीचं काय? दुसरा खेळाडू कधी?” ती म्हणाली, “आधी चादर चादरीसारखी तर होऊ दे.”

इथे ती चुकली. तिने खेळाचं इंजिन निवडलं ते कापडाच्या दुकानात उभी राहून. आणि एवढी मी सुंदर, पण माझी पलीकडची दोन टोकं होती कुठे? हवेत. तिने तिथे दोन खिळे ठोकून मला अडकवून ठेवलं होतं, दुसरी बाई येईपर्यंत. सगळा हिवाळा मी एका बाजूने माणसाच्या हातात आणि दुसऱ्या बाजूने खिळ्यांच्या भरवशावर. खिळे इमानी असतात. पण ते पुढे चालत येत नाहीत.

मग एका रविवारी जोडणीचा दिवस उगवला. धाकटी बाहेरच्या खोलीत, मुलगा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात. मध्ये एक भिंत.

“घातली घडी!” धाकटी ओरडली.

“कुठे? माझ्याकडे अजून उलगडलेली आहे.”

“डोळे तपासून घे.”

“आई, माझ्याकडे तुझा हात चादरीच्या आरपार गेलाय. आणि चादर... ती आता छताला चिकटलीय.”

“मग तुझी चादर वेगळी आहे!”

तसंच होतं. आम्ही दोन झालो होतो, इकडची एक आणि तिकडची एक, आणि दोघींचा एकमेकींना पत्ता नव्हता. मुलाने समजावलं की या चादरीला शेकडो सांधे आहेत, प्रत्येक सांधा कुठे आहे ते क्षणाक्षणाला पलीकडे कळवायचं म्हटलं तर निरोप उशिरा पोचतात, उलटसुलट पोचतात, मग कापडाची चिंधी होते. ही एका भिंतीपलीकडची गत, मावशीच्या घरी तर बोलायलाच नको. धाकटी ऐकून घेणारी नव्हती. तिने तसाच खेळ थोरलीकडे पाठवला. थोरलीकडे तिच्या मुलाचा ऑफिसातून काढून टाकलेला लॅपटॉप.

“ताई, दिसतंय का?”

“काळं दिसतंय.”

“थांब जरा.”

“थांबलेच आहे.”

“आता?”

“आताही काळंच आहे. पण छान काळं आहे.”

असं बरेच दिवस चाललं. शेवटी थोरलीचा फोन आला. कधी नव्हे ती स्वतःहून बोलली. “राहू दे गं. जीव का आटवतेस? आणि रोज फोनही नको करूस. महिन्यातून एकदा केलास तरी पुरे. बोलायला असतं काय आपल्याकडे?”

“बरं,” धाकटी म्हणाली.

त्यानंतर कॉम्प्युटर बंदच राहिला. ती खुर्चीत बसायची, रिकाम्या पडद्याकडे बघायची, उठायची. तिला दिसत होतं की काय निसटतंय. बहीण जिवंत होती, कान शाबूत होते, फोन चालू होता, आणि तरी ती हातातून जात होती. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. बंद कॉम्प्युटरमधल्या चादरीला अंधाराचं काही वाटत नसतं.

मुलाने मग आपला हजार लोकांचा सर्व्हर गुंडाळून ठेवला आणि आईसमोर येऊन बसला. “आई, तुझं खरं होतं. दोघीच आहात, दोघींपुरतंच करू. पण माझंही एक ऐक. एक साधं इंजिन आहे. नुसती लिंक उघडायची, मावशीच्या त्या डबड्यावरसुद्धा चालेल. त्यात पलीकडे फक्त चार टोकं पाठवायची. मधलं कापड कसं लोंबतं ते ज्याचा त्याचा कॉम्प्युटर आपल्या मनाने रंगवेल.”

“आपल्या मनाने? म्हणजे तिच्याकडची चुणी आणि माझ्याकडची चुणी वेगळी?”

“असेल थोडी वेगळी. टोकं तीच असतील.”

“कसली दिसेल ती!”

“वाईट दिसेल. आधी जोडू, मग सजवू.”

तिने ते केलं, पण नाक मुरडत. हे केवळ तपासून बघायला आहे, असं तिने स्वतःला बजावलं आणि मला नाव दिलं ‘चादर तात्पुरती’. त्याआधी मी ‘चादर’, ‘चादर नवी’, ‘चादर नवी खरी’ आणि ‘चादर आता शेवटची’ अशी होऊन गेले होते. हा माझा तिसरा जन्म. धागे गेले, निळीची झाक गेली, शिवण गेली. एक पांढरी पट्टी, मध्ये थोडी झुकलेली. हात म्हणाल तर स्वयंपाकघरात गरम भांडी धरायचे मोजे असतात तसे, निळे एका बाईचे, लाल दुसरीचे. दोन्ही हातांनी एकेक बटण दाबून धरलं की टोकं मोज्यांत राहायची, सोडलं की खाली पडायची. पण स्वयंपाकघरातून मुलाने टोक उचललं की बाहेरच्या खोलीत तेच टोक उचललं जात होतं. दोन्ही खोल्यांत मी एकच होते. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

आवाजाची सोयही झाली. खेळ उघडला की बोललेलं पलीकडे ऐकू जायचं.

“जोडलं गेलं, ठीक,” धाकटी म्हणाली. “आता हे टाकून देऊ आणि चांगल्या इंजिनात करू.”

“आई, एकदा मावशीला तरी दाखव.”

“हे? हे तिला? इस्त्रीची एक सुरकुती दिसली तर अख्खी चादर कारागिराच्या अंगावर भिरकावायची ती. माझं थोबाड बघणार नाही पुन्हा.”

तर भीती ही होती. इंजिनांचा एवढा शोध, पण तळाशी एवढंच होतं की थोरली हसेल. मी त्यात दोष काढत नाही. स्वतःच्या हाताने काम करणाऱ्याला आपलं ओबडधोबड काम दाखवणं जड जातं, आणि ज्याने आपल्याला ते काम शिकवलं त्याला दाखवणं फारच जड. म्हणून माणसं दाखवायचं टाळतात आणि त्याला तयारी म्हणतात. आजची सकाळ तिने चौथ्या इंजिनाचे व्हिडिओ बघण्यात घालवली. आणि मुलाने दुपारी, तिला न विचारता, मावशीला लिंक पाठवून दिली.

धाकटी हात पुसत बाहेर आली तेव्हा खेळ उघडा होता आणि माझ्या पलीकडच्या काठाला दोन निळे मोजे आले होते. आधी ते इकडेतिकडे भरकटले. एकदा एकमेकांवर आदळले. मग माझी दोन टोकं त्यांनी धरली. तिथून पेटलं ते अजून चाललंय, आणि वरचे शब्द त्यातलेच.

“तिला चादर बघायची नाहीये, आई!”

“मग काय बघायचंय? माझी फजिती?”

“तू दोन वर्षं इंजिनं बदलतेस. मावशी कुठे बदलते? ती तिथेच बसलीये.”

“मला शिकवू नकोस. तुला हजार माणसं हवी होती!”

“हो, हवी होती. चुकलो. तूही चूक म्हण ना एकदा!”

“पुठ्ठ्याला चादर म्हणू?”

“म्हणू नकोस. पण टाकू नकोस.”

“टाकणार! आत्ता टाकते!”

तिचा हात माउसवर गेला. मी जाणार होते, आणि चौथ्यांदा आले असते ती कदाचित पडद्यासारखी लहरत आले असते. मला कोणी बोलू देत असतं तर मी तिला सांगितलं असतं, बाई, राजवाड्यात होते तेव्हा माझ्यातून सूर्य दिसायचा आणि मी खिळ्यांना टांगलेली होते. आज मी खोक्याचं झाकण आहे, कबूल. पण माझी पलीकडची टोकं खाली आलेली नाहीत. इतका वेळ तुम्ही दोघं घसा फोडताय आणि ती तसूभरही खाली आलेली नाहीत. बघ तरी एकदा. माझं रूप नंतर कधीही कर, नाही केलंस तरी माझी तक्रार नाही. इकडची दोन टोकं लोंबताहेत, तेवढी उचल.

मला कोणी बोलू दिलं नाही. पण आवाजाची सोय चालू होती हे मायलेक दोघंही विसरले होते. पलीकडून एकाएकी खाकरल्याचा आवाज आला. धाकटीचा हात माउसवरच थांबला. मग थोरली बोलली, फोनवरच्या आवाजात नाही, लाँड्रीतल्या आवाजात:

“अगं ए, भांडायचं ते भांडा सावकाश, पण आधी तुझ्याकडची टोकं धर बघू, केव्हाची ताणून उभी आहे मी, हात भरून आले माझे!”